चुका नंतर सांग

मावशी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. म्हणून सुतक फिटेपर्यंत मी गप्प बसले. तशी मी एरवीही गप्पच असते, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "धक्का बसलाय पोरीला." धक्का बसलाच होता. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. मला तुझा राग आलाय. तुझ्या फोटोचा हार बदलताना येतो, तुझी औषधं टाकून देताना आला होता, आणि संध्याकाळी जिन्यावर चपलांचे आवाज सुरू झाले की सगळ्यात जास्त येतो.

कारण त्या चपला तुझ्याकडे यायच्या. आता माझ्याकडे येतात. आणि हे तू मला न विचारता ठरवून गेलीस.

मला न विचारता ठरवायची आपल्या घरात रीतच आहे म्हणा. काका गेले, तू जामखेडला एकटी राहिलीस, आणि केडगावला आमच्या स्वयंपाकघरात निर्णय झाला. आई म्हणाली, "मिनूला कुठं ऑफिसला जायचंय? लॅपटॉप कुठंही चालतो. ती राहील ताईजवळ." माझं काम खरंच कुठंही चालण्यासारखं होतं. एका कंपनीचे इंग्रजी अहवाल माझ्याकडे येतात, मी त्यातल्या चुका काढते आणि परत पाठवते. कुणाचं तोंड बघावं लागत नाही, कुणाला माझं दिसत नाही. कॉन्व्हेंटमध्ये घातलेले पैसे असे वसूल होतात, असं बाबा म्हणतात.

आणि मी आले कुठे, तर तुझ्या घरी. खाली खत-बियाणांचं दुकान, वर तू, आणि तुझ्या पुढच्या खोलीत तुझा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास. शाळेतून रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. तू प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्यास आणि दारावर पाटी लावलीस. पहिल्या दिवशी बॅग खाली ठेवायच्या आधी मी ती पाटी वाचली. 'ग्रामर'च्या शेवटी तू ई-आर लिहिला होतास.

"मावशी, ए-आर हवा तिथं."

"उच्चार तोच होतोय ना?"

"पण क्लासच्या पाटीवर?"

"पेंटर आता आष्टीला राहायला गेलाय. एका अक्षरासाठी त्याला बोलवू का? तू आधी पाणी पी."

मला वाटलं, एवढं एकच असेल. मला काय माहीत होतं की मी चुकांच्या गोदामात राहायला आलेय.

तुझ्या क्लासमध्ये यायच्या त्या सगळ्या बायका आणि मुली. कुणी नर्सिंग शिकणारी, कुणी दुकानदाराची सून, कुणी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी. तुझी पद्धत एकच. रोज एकीनं उभं राहायचं आणि आज दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत सांगायचं. बोलणारीला मध्ये कुणी थांबवायचं नाही. जी थांबवेल तिनं सगळ्यांना भेळ द्यायची. मला तू खिडकीजवळ बसवलंस आणि सांगितलंस, "ऐक नुसतं. चुका नंतर सांग."

त्या दिवशी कोमल उभी होती. नर्सिंगचा कोर्स करणारी, आई-वडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून हॉस्टेलवर राहणारी. ती म्हणाली, "टुडे आय गेव्ह एक्झाम. पेपर वॉज हार्ड ओन्ली. देन आय क्लोज्ड द फॅन अँड स्लेप्ट." मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं, "टुक. टुक अ‍ॅन एक्झाम." कोमल माझ्याकडे बघत राहिली आणि खाली बसली.

तू माझ्याकडे वळलीही नाहीस. "मिनू, भेळ."

सगळ्या हसल्या. कोमलसुद्धा. मी भेळ आणली, कांदा वेगळा मागायला विसरले म्हणून त्याचंही ऐकलं. पण पुढे किती दिवस तरी कोमलनं उभं राहायची पाळी टाळली, आणि ते तू मला येता-जाता ऐकवत राहिलीस. "एका शब्दात पोरगी बसवलीस." मावशी, मी चूक सांगितली होती, शिवी दिली नव्हती. हे मी तेव्हा म्हणाले होते आणि आजही म्हणते.

तुझ्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारण्यासारखं. प्रत्येक वेळी परत यायचा आणि जरा जोरात यायचा. मी म्हणायचे, मराठीतला प्रत्येक 'च' उचलून तिथं 'ओन्ली' ठेवता येत नाही. 'आय अ‍ॅम फ्रॉम जामखेड ओन्ली' हे ऐकलं की माझे दात शिवशिवतात. तू म्हणायचीस, "पण मी जामखेडचीच आहे, हे सांगायचं कसं मग? 'च' सोडून माणूस बोलेल कसा?" मी म्हणायचे, 'कझिन ब्रदर' असं काही नसतं, नुसतं कझिन. तू डोळे मोठे करायचीस. "नुसतं कझिन म्हटल्यावर चुलतभाऊ का मामेबहीण, काय समजायचं? त्यांच्याकडं नाती कमी पडली म्हणून आपण आपली कमी करायची व्हय?" मी सांगायचे, 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' लागत नाही. तू म्हणायचीस, लावला तर काय बिघडतं, एक शब्द जास्तच दिलाय, कमी तर न्हाई दिला.

मी भांडी घासायला जायचे.

आणि तीच तू, स्वयंपाकघरात दार लोटून माझ्यापुढे कागद सरकवायचीस. नगरपालिकेला पाण्याबद्दल इंग्रजीत अर्ज. इंग्रजीत कशाला, तर "मराठीतला वाचतच न्हाईत." तू आवाज खाली आणून म्हणायचीस, "बघ गं, बरोबर हाय का." मी 'अ‍ॅडव्हाइस'मधला एस काढून सी घालायचे, 'लूज'मधला एक ओ काढायचे, 'इट्स'चा तो वरचा स्वल्पविराम पुसायचे. तू चष्मा नाकावर घेऊन एकेक दुरुस्ती बघायचीस आणि निमूट मान्य करायचीस. शेवटच्या 'काइंडली डू द नीडफुल'वर मी रेघ मारली की मात्र माझा हात धरायचीस. "ते राहू दे. ते नसलं तर अर्ज अर्जासारखा वाटत न्हाई." म्हणजे तुला कळत होतं, मावशी. दोन्ही कळत होतं. मग बाहेरच्या खोलीत त्या पोरींना का नाही सांगू दिलंस? "नंतर." नंतर म्हणजे कधी? "सांगते." हे तुझं 'सांगते' मी दोन पावसाळे ऐकलं.

प्रियांकाच्या वेळी तर मी खरंच चिडले होते. ग्रामपंचायतीत बसणारी प्रियांका, पुण्याच्या कॉल सेंटरला मुलाखतीला गेली. जायच्या आधी तिच्या बोलण्यातल्या चुका मी लिहून काढल्या होत्या, नेहमीच्याच, चार-दोन तासांत सुधारतील अशा. तू तो कागद घडी करून तुझ्या पर्समध्ये टाकलास. "आता ऐन वेळी तिच्या पायात दोरी घालू नको." ती गेली, नापास होऊन आली. आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये उभी राहून तिनं सगळी हकिकत इंग्रजीत सांगितली. कोण काय म्हणालं, बस कशी चुकली, स्वारगेटला छत्री कशी विसरली. निम्मं चुकीचं. बायका हसून हसून पडत होत्या, आणि शेवटी तू टाळ्या वाजवल्यास.

त्या संध्याकाळी मी भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाले, "टाळ्या कसल्या? नापास झाली ती."

"झाली. पण सांगायला उभी राहिली की न्हाई?"

"मावशी, तिला नोकरी हवी होती. टाळ्या नको होत्या."

"तिचा सासरा समोर असला की ही मराठीत बोलत न्हाई, माहितीय तुला? आणि काल पाच माणसांपुढं इंग्रजी बोलून आली."

"आणि घरी परत आली. बाहेर कुणी बोलणाऱ्याला थांबवलं म्हणून भेळ देत नाही. बाहेर पुढच्याला बोलावतात."

तू तव्यावरची भाकरी फिरवलीस. ती उतरवून म्हणालीस, "तुझं बरोबर आहे." मी मळायची थांबले. मग तू म्हणालीस, "पण तुझं सगळं बरोबर असूनबी तू काय बोलतेस?"

हे फार लागलं मला. तुला माहीत होतं लागेल. माझी कंपनीची व्हिडिओ मीटिंग असली की तू आमटीची पळी हातात घेऊन दारात उभी राहायचीस. मी कॅमेरा बंद ठेवते, हे तुला मंजूर नव्हतं. एकदा साहेबांनी मला थेट काही विचारलं आणि मी उत्तर टाइप करून पाठवलं, तर मीटिंग संपायच्या आत तुझं सुरू. "तोंडात काय धरलंयस? एवढं शुद्ध इंग्रजी नुसतं भरून ठेवलंय कणगीत. उंदरांसाठी ठेवलंय का?" मी म्हणाले, टाइप केलं ना, काम झालं ना. तू गेलीस. थोड्या वेळानं चहा आणून माझ्या कोपराजवळ ठेवलास, आलं घातलेला, मला आवडतो तसा दाट. मी चिडलेली असले की तुझ्या हातचा चहा जरा जास्त गोड व्हायचा. त्याबद्दलही मी कधी काही म्हणाले नाही. आता साखरेचा डबा तसाच आहे आणि चहा मी करते, तो फक्त चहा असतो.

ते भांडण आपलं राहूनच गेलं. प्रियांका बरोबर का मी बरोबर का तू, याचा निकाल लागायचा होता. आपण दोघीही दम खाऊन बसलो होतो, पुढच्या कुणाची तरी मुलाखत येईपर्यंत. कोमलची आली. पुण्याच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात, नर्सच्या जागेसाठी, मुलाखत इंग्रजीतून. मी म्हणाले, "हिला मी शिकवणार. माझ्या पद्धतीनं." तू म्हणालीस, "बघू." आणि त्या आठवड्यात नळाला पाणी आलं, तू पहाटे ड्रम भरायला उठलीस, मला हाक मारलीस, "मिनू, भरलाय बघ, नळ बंद कर." मी नळ बंद करून आत आले तर तू जिन्याच्या पायरीवर बसली होतीस, भिंतीला टेकून. खालचे दुकानदार काका, रिक्षा, दवाखाना. सगळं मी केलं. फोनवर, मोठ्यानं, न अडखळता. आणि कशाचा काही उपयोग झाला नाही.

भांडण असं मध्येच सोडून जाता येतं, हे मला माहीत नव्हतं.

आता दशक्रियेचं सांगते. ते तुला माहीत असेलच म्हणा, कारण ती सगळी तुझीच कारवाई होती, असं माझं मत आहे.

विंचरणेच्या काठावर सगळे जमलो होतो. नदीत पाणी नव्हतं, टँकर सांगितला होता. काकांचे धाकटे भाऊ, आपले नाना, विधीला बसले. तुझ्या क्लासच्या बायका एका बाजूला घोळका करून उभ्या. दहीभाताचा पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकलो. कावळे होते. बाभळीवर चांगले पाच-सहा बसले होते. पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. भटजींनी घड्याळाकडे बघितलं.

"काय राहिलंय वैनींचं?" नाना म्हणाले. "कुनाला ठाव असंल तर बोला."

आई पुढे झाली, हात जोडून म्हणाली, "ताई, घराची काळजी करू नको." कावळा हलला नाही. नाना म्हणाले, "वैनी, दादाच्या जमिनीचं मी बघतो." काही नाही. कुणी म्हणालं, पेढा ठेवा, तिला आवडायचा. पेढा ठेवला. एक कावळा अर्ध्यापर्यंत आला आणि परत फिरला.

तेव्हा मागून कोमल म्हणाली, "नाना, क्लासचं म्हना."

"आँ?"

"क्लासचं. मॅडमचा जीव त्यातच हुता."

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. विचारलं नाही, नुसतं बघितलं, शेतावर जाताना आभाळाकडे बघतात तसं. मग पिंडाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "वैनी, क्लास बंद पडायचा न्हाई. आपली मिनू चालवील. आता तरी घास घ्या."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, मावशी. 'नाना, थांबा' एवढं म्हणणार होते. तेवढ्यात कावळा खाली आला, भाताचा मोठा घास उचलला आणि बाभळीवर गेला.

"व्हय म्हनल्या बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. बायका रडायला लागल्या. आईनं मला जवळ घेतलं. नानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. त्या सगळ्यांत मी एकटी कोरडी उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच येत होतं, की आम्ही सगळे बोलायच्या नादात आणखी मागे सरकलो होतो, म्हणून कावळा आला. पण हे दशक्रियेला कोण ऐकून घेणार? आणि समजा, मी नाही म्हटलं, तर काय कावळ्याकडून घास परत मागायचा?

घरी येताना प्रियांका म्हणाली, "ताई, मॅडम तर कधीच्या सांगत हुत्या. माझ्यानंतर मिनूताई."

"कुणाला सांगत होती?"

"सगळ्यांनाच की."

सगळ्यांना. दुकानदार काकांना, नानांना, आईला, भेळवाल्याला. मला सोडून. मावशी, दोन वर्षं एका खोलीत झोपलो आपण. अर्ज दुरुस्त करायला दार लोटून यायचीस, ही गोष्ट सांगायला काय झालं होतं? मी नाही म्हणाले असते, हे तुला माहीत होतं. म्हणून विचारलंच नाहीस. विचारलं नाही म्हणजे नकार आलाच नाही, हा तुझा हिशोब मला पाठ आहे.

क्लास पुन्हा सुरू झाला त्या दिवशी मी ठरवलं होतं. चालवायचाच आहे ना, तर माझ्या पद्धतीनं. फळा पुसला. दुकानदाराची सून सारिकावहिनी उभी राहिली आणि सुरू झाली, "यस्टर्डे माय मदर-इन-लॉ सेड मी दॅट..." मी म्हणाले, "'सेड मी' नाही. 'टोल्ड मी'."

"ताई, मध्ये बोललात. भेळ!"

"तो नियम बंद."

"असं कसं बंद? मॅडमचा नियम हाय त्यो."

"मॅडम नाहीत आता." हे मी जरा कठोरच बोलले, पण बोलले. "बाहेर जाऊन चुकीचं बोलाल तर हसतील लोक."

"आत्ता काय रडत्यात का?" सारिकावहिनी म्हणाली आणि सगळ्या फिसकन हसल्या.

मग जे सुरू झालं ते क्लास संपेपर्यंत थांबलं नाही. मी 'ओन्ली'वर आले तर उत्तर, मॅडम म्हणायच्या 'च' सोडून माणूस बोलेल कसा. मी 'कझिन ब्रदर'वर आले तर, मॅडम म्हणायच्या आपली नाती का कमी करायची. प्रत्येक चुकीच्या मागे तू दार धरून उभी. तुझी वाक्यं त्यांना तुझ्या हातवाऱ्यांसकट पाठ होती. मी फळ्यावर लिहिलं, पुसलं, उदाहरणं दिली, चुलत आणि मामे सगळ्यांना इंग्रजीत वेगवेगळं कसं सांगायचं ते दाखवलं, टेबलावर डस्टर आपटला. शेवटी जिन्यावर पावलं वाजली आणि खालचे दुकानदार काका दारात आले.

"काय झालं? भांडन हाय का?"

"न्हाई काका, क्लास हाय," प्रियांका म्हणाली.

"मग एवढा आवाज कुनाचा हुता?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग खाली गेले. मी फळ्याकडे तोंड करून पुसलेलाच फळा परत पुसला.

पण खरा प्रश्न कोमलचा होता. तिच्या मुलाखतीला दिवस थोडे राहिले होते आणि ती जागा मिळाली तर ती पुढच्या हंगामात आई-वडिलांना ऊसतोडीला जाऊ देणार नव्हती. वडिलांची कंबर गेलीय, हे तुला माहीतच आहे. मी तिला दुपारची एकटीला बोलवायला लागले. तिची उत्तरं बसवली. 'एक्स्प्लेन मी' नाही, 'एक्स्प्लेन टू मी'. 'आय अ‍ॅम हॅविंग' नाही, 'आय हॅव'. ती हुशार आहे, पटापट घेत होती. कागदावर सगळं बरोबर यायला लागलं. आणि बोलायला उभी केली की ती गप्प.

"बोल ना."

"बोलते की. पर प्रत्येक शब्दाच्या आधी डोक्यात तुमी येता, ताई."

"मी येऊन काय करते?"

"बघत बसता."

मला वाटलं, आता तू कुठूनतरी हसशील. तुझं म्हणणं असं माझ्या समोर खुर्चीत येऊन बसलं होतं. दोनदा वाटलं, सोडून द्यावं. म्हणावं, कोमल, जा, काय यायचं ते बोल, चुका नंतर बघू. पण ते वाक्य माझं नाही. मला ते म्हणताच येत नाही. मला खरंच वाटतं, अजूनही वाटतं, की चूक माहीत असून न सांगणं म्हणजे त्या माणसाला कमी लेखणं आहे. मी तिला पुन्हा उभी केली. ती पुन्हा अडखळली. आम्ही दोघी रोज अशा एकमेकींना छळत राहिलो. मुलाखतीला जायच्या आदल्या संध्याकाळी ती पाया पडायला वाकली तर मी तिला मध्येच धरलं, आणि म्हणाले, "पाण्याची बाटली घे बरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे गाड्यांचे आवाज होते.

"ताई, त्यांनी इचारलं, पेशंट गोळी घ्यायला न्हाई म्हनला तर काय करशील. म्या म्हनलं, 'आय विल एक्स्प्लेन हिम'... आन् थांबले."

"का थांबलीस?"

"चुकलं ना. लगेच कळलं. समोर तीन जन. कुनीच काही बोलंना."

"मग?"

"मग म्या म्हनलं, 'सॉरी. आय विल से अगेन.' आन् पयल्यापासनं सांगितलं. 'एक्स्प्लेन टू हिम' म्हनून. पुढचंबी सगळं सांगितलं. गोळी कशासाठी हाय ते त्याच्या भाषेत सांगंन, त्याच्या घरच्यांना बोलवीन, डॉक्टरला कळवीन. लई बोलले मी, ताई. त्यातल्या एका मॅडम हसल्या, तवा वाटलं, संपलं. त्या म्हनल्या, टेक युवर टाइम."

काल दवाखान्यातून फोन आला. कोमलला घेतलंय. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. ती धावत जिना चढून आली, आधी तुझ्या फोटोला पेढा लावला, मग माझ्या तोंडात कोंबला.

म्हणून बसलेय हे लिहायला. मला सांग, मावशी, हे कसं झालं? ती थांबली ते माझ्यामुळे. हे तर तूही मान्य करशील, उलट आनंदानं करशील. बघ, म्हणशील, ऐन मुलाखतीत पोरीचं तोंड बंद केलंस. आणि मी म्हणेन, थांबली म्हणून तर बरोबर बोलली, आणि चूक आपली आपल्याला कळणं याला शिकणं म्हणतात. तू म्हणशील, आणि तिघांपुढं परत तोंड उघडलं ते कुणी शिकवलं? मी म्हणेन, प्रियांकानंही उघडलं होतं, तिला कुठं घेतलं? तू म्हणशील, प्रियांकाला परत पाठव, बघच. मी म्हणेन, पाठवते, पण आधी माझा कागद तिला दे. तिथं तू हात वर करशील, भाकरी जळायला लागेल, आणि आपण दोघीही तिच्याकडे बघणार नाही.

काल हेच मी आईला फोनवर सांगून बघितलं. आई म्हणाली, "दोघींचंही बरोबर होतं की मग." नानांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरगी कामाला लागली, आता कशाला उकरायचं?" कोमल तर दोघींचे आभार मानून मोकळी झाली. क्लासमधल्या बायका वाद घालतात, पण तुझ्याच वाक्यांनी घालतात, आणि ती वाक्यं संपली की गप्प बसतात. सगळे किती समजूतदार आहेत, मावशी. मला 'तुझं बरोबर आहे' म्हणतात आणि पुढे 'पण' म्हणत नाहीत. मी त्या 'पण'ची वाट बघत बसते.